केशवरावांच्या पश्चात

१८६७ साली योकोहामात एका अमेरिकन मिशनरी डॉक्टरनं एका जपानी नटाचा पाय कापला. डॉक्टरचं नाव जेम्स कर्टिस हेपबर्न. जपानी-इंग्रजी शब्दकोश रचणारे हेपबर्न ते हेच. नटाचं नाव सावामुरा तानोसुके, त्या नावाचा तिसरा. वय बावीस. काबुकीत बायकांची कामं करणाऱ्या नटाला ओन्नागाता म्हणतात. हा तानोसुके मिसरूड फुटायच्या वयातच एदो शहरातल्या मोरिता-झा या नाटकगृहाचा मुख्य ओन्नागाता होऊन बसला होता. तरणं पोर, शहर वेडं झालेलं, आणि पायाला गँगरीन. पाय कापल्यावर त्यानं अमेरिकेहून मागवलेला नकली पाय बसवला आणि पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. रोग काही थांबला नाही, आणखी अवयव गेले, तरी नाटककार त्याला बसून करता येतील अशा भूमिका लिहून देत राहिले. १८७२ साली त्यानं निरोपाचा प्रयोग केला आणि १८७८ साली तो गेला. तेहतीस वर्षांचं आयुष्य.

त्याच्या आधी पंचवीसेक वर्षं आणखी एक असाच गेला होता. आठवा इचिकावा दान्जुरो, देखणा, बायकांचा लाडका, १८५४ साली ओसाकात ऐन दौऱ्यात त्यानं आत्महत्या केली. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. का केली, यावर जपानी अभ्यासक अजून वाद घालतात. लोकप्रिय नट गेला की त्याचं मृत्यूचित्र छापून विकायची तिकडे पद्धत होती. आठव्या दान्जुरोची अशी चित्रं शेकड्यांनी निघाली, इतकी की चित्रकारांनी आणि छापणाऱ्यांनी त्यावर चांगली कमाई केली असणार. पण दान्जुरो हे नाव काही संपलं नाही. नववा झाला, दहावा झाला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तोक्योच्या काबुकी-झामध्ये तेराव्यानं ते नाव धारण केलं. तानोसुकेचंही तसंच; सहावा तानोसुके अगदी आपल्या काळापर्यंत काम करत होता. काबुकीत नट मरतो, नाव कामावर हजर असतं.

मराठी रंगभूमीवर अशी सोय नव्हती. दुसरा बालगंधर्व नाही, दुसरे भाऊराव कोल्हटकर नाहीत. नट गेला की त्याच्याबरोबर त्याचं नाव गेलं आणि बहुतेक वेळा त्याची नाटकमंडळीही गेली. या नियमाला जो ठळक अपवाद आहे तो एकतीस वर्षांतच गेलेल्या माणसाचा आहे, ही गोष्ट मला फार दिवस खुणावत होती. केशवराव विठ्ठल भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. मृत्यू ४ ऑक्टोबर १९२१, पुणे. आज त्यांच्याविषयी सर्वसाधारण वाचकाला ठाऊक असतं ते एवढंच, की त्यांनी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं. संगीतसूर्य ही पदवी कोणाकोणाला आठवते. त्या एका रात्रीनं त्यांचं उरलेलं सगळं काम झाकून टाकलं आहे, आणि माझ्या मते ते उरलेलंच मोठं आहे.

आधी पोरांविषयी. जपानात १६२९ साली शोगुनांच्या सरकारनं बायकांना रंगमंचावर बंदी घातली. मग कोवळ्या मुलांची काबुकी चालू झाली, तीही १६५२ साली बंद केली. त्यानंतर प्रौढ पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून स्त्रीची कला शिकून घेतली. तिकडे हुकूम निघाला म्हणून जे झालं, ते आमच्याकडे हुकमाशिवायच झालं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून सीता पुरुषच होता. घरंदाज बाईनं नाटकात जायचं नाही, आणि जी जाईल ती घरंदाज नाही, या एका वाक्यावर मराठी रंगभूमीनं पाऊणशे-ऐंशी वर्षं काढली. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तेव्हासुद्धा ती बातमी होती. मधल्या काळात मंडळ्यांना लागत होते गोरटेले, सडपातळ, गळ्याचे गोड मुलगे. ते मिळवायला मालक गावोगाव फिरत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी भाऊराव कोल्हटकरांना बडोद्याहून आणलं १८८२ साली. भाऊराव १९०१ च्या फेब्रुवारीत गेले, अडतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. अण्णासाहेब स्वतः बेचाळिशीत गेले. 'मानापमाना'तला नायक धैर्यधर पहिल्यांदा रंगवणारे नानासाहेब जोगळेकर नाटक रंगभूमीवर आल्याच्याच वर्षी, १९११ साली गेले. जागरणं, पोटात वेळी-अवेळी पडलेलं अन्न, मुक्कामागून मुक्काम आणि गावागणिक बदलतं पाणी. विषमज्वर आणि क्षय यांना नाटकमंडळ्यांची बिऱ्हाडं सोयीचीच होती. संगीत नाटकाच्या सुवर्णयुगाचं वर्णन करताना हे सहसा कोणी मांडत नाही.

केशवराव या बिऱ्हाडात आले ते कळत्या वयाच्याही आधी. घरी गरिबी, वडिलांचं छत्र लवकर गेलेलं. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत पोर दाखल झालं ते गाणं शिकायला म्हणून आणि खाऊन-पिऊन राहायला म्हणूनही. त्या काळच्या मंडळीतला मुलगा म्हणजे काय, हे आजच्या शिबिरांवरून कळायचं नाही. पहाटे उठून पेटीवर सूर लावायचा. मग नक्कल पाठ करायची. नक्कल म्हणजे आपल्या भूमिकेचंच तेवढं लिहून काढलेलं बाड, समोरच्याच्या वाक्याचा फक्त शेवटचा शब्द दिलेला. दुपारी तालीम, संध्याकाळी रंगपटात तोंड रंगवून घ्यायचं, रात्री नऊ-साडेनऊला नांदी आणि पहाटे दोन-तीनला भरतवाक्य. मधे वन्समोअर आले तर आणखी उशीर. लिहिणं-वाचणं जमलं तर जमलं. पोरगा चालला तर मालक त्याला तळहातावर ठेवणार, नाही चालला तर तो पडदे ओढणार.

आणि हा पोरगा चालला. कोणत्या भूमिकेत, ते पाहण्यासारखं आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' १८९९ च्या जानेवारीत इंदूरला पहिल्यांदा झालं. पैशाला हपापलेला बाप आपली कोवळी पोर एका जख्ख म्हाताऱ्याला विकायला काढतो, अशी त्याची कथा. किर्लोस्कर मंडळीचं हे नाटक लवकरच सगळीकडे होऊ लागलं, आणि स्वदेशहितचिंतकांच्या 'शारदे'त बाराएक वर्षांचे केशवराव शारदा झाले. आता हे डोळ्यांसमोर आणा. नऊवारी नेसलेला, नाकात नथ घातलेला मुलगा रंगमंचाच्या मध्यभागी उभा आहे. त्याला जी विकायला काढली आहे तिचं दुःख गायचं आहे, तेही मोठ्या माणसानं मुलीचा अभिनय करून नव्हे तर शारदेच्याच वयाच्या कोवळ्या, अजून न फुटलेल्या आवाजात. समोर पिटात बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी अशी पोर दिलेली किंवा द्यायची आहे. भाऊरावांसारखे कसलेले नट गात तेव्हा प्रेक्षक गाण्याला दाद देत. इथे दाद देताना त्यांना अवघडल्यासारखं झालं असणार. देवलांचं नाटक ज्या वयाविषयी बोलत होतं तेच वय त्यांच्यासमोर उभं होतं. आणि त्या पोरालाही कोणी विकलेलं नसलं, तरी पोटासाठी दुसऱ्याच्या हवाली केलेलंच होतं. केशवरावांचं नाव महाराष्ट्रभर झालं ते या भूमिकेनं.

पुढचा प्रश्न ठरलेला. आवाज फुटतो. ओठावर लव येते, खांदे रुंदावतात, तार सप्तकातला सूर हातचा निसटतो. मराठी मंडळ्यांच्या इतिहासात अशा पोरांची नावं चार-पाच वर्षं जाहिरातींत ठळक दिसतात आणि मग दिसेनाशी होतात. काबुकीत या वयातल्या मुलाला घराणं सांभाळतं, दुय्यम कामं देतं, वाट पाहतं. आमच्या मंडळीला वाट पाहायला वेळ नव्हता, कारण पुढच्या मुक्कामाचं भाडं द्यायचं असायचं. केशवराव यातून तरले ते दोन कारणांनी, असं मला वाटतं. एक, गळा मुळात भक्कम होता. फुटल्यावर तो बसला नाही, रुंद झाला. त्यांच्या गाण्याविषयी लिहिणारे सगळे त्याच्या जोराविषयी, चपळ तानेविषयी आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचण्याविषयी लिहितात. बालगंधर्वांच्या गळ्याविषयी जी विशेषणं वापरली गेली ती यांच्याविषयी कोणी वापरलेली नाहीत. दुसरं कारण म्हणजे त्यांनी मालक कोणाला करायचं हा प्रश्नच ठेवला नाही. स्वतःच झाले.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला 'ललितकलादर्श नाटक मंडळी' स्थापन झाली तेव्हा केशवरावांना अठरावं लागून जेमतेम पाच महिने झाले होते. हुबळीला का, असं आज वाटतं, पण तेव्हा हुबळी-धारवाड हा मराठी मंडळ्यांचा राबता मुलूख होता. तिथले कानडी प्रेक्षक मराठी पदं तोंडपाठ म्हणत. जवळच्याच कुंदगोळचे रामभाऊ, पुढचे सवाई गंधर्व, मराठी नाटकात बायकांची कामं करून गाजले. सतरा वर्षांचा मुलगा, भांडवल म्हणजे गळा आणि नाव, अंगावर मंडळीतल्या पन्नास-साठ माणसांच्या जेवणाची जबाबदारी. नाटकंही सुरुवातीला जुनीच, ज्यांची तालीम अंगात मुरलेली होती ती. इथवरची गोष्ट इतर पाच-दहा मंडळ्यांसारखीच आहे. गावात गाजलेला नट मालकाशी फिसकटला की स्वतःची मंडळी काढतो, दोन-चार वर्षं चालवतो आणि कर्जात बुडतो. हे त्या धंद्याचं नेहमीचं वळण होतं.

केशवरावांनी वळण मोडलं ते नाटककार शोधून. १९१३ साली त्यांनी वामन गोपाळ जोशी यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' केलं. अमरावतीचे हे वामनराव म्हणजे पुढे वीर वामनराव म्हणून ओळखले गेलेले राजकारणी. त्यात केशवराव मृणालिनी झाले, म्हणजे अजून स्त्रीपार्टी सोडली नव्हती. पदांच्या चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. वझेबुवा ग्वाल्हेर घराण्याचे, सावंतवाडी संस्थानात जन्मलेले, कडक आणि अनवट रागांचे शौकीन. नाटकाच्या पदांना ठुमरी-दादऱ्याचा मुलायम बाज देऊन गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान' गाजवलं होतं. केशवरावांनी बरोबर उलट वाट धरली. ज्या रागांची नावं मैफलीतही कमी ऐकू यायची ते राग नाटकाच्या पदात आले. गळ्याला झेपणारं गाणं निवडण्याऐवजी गळ्याला झेपवायला लावणारं गाणं त्यांनी मागून घेतलं. हे मालकानं स्वतःवरच लादून घेतलं होतं, हे विशेष. केशवरावांनी बुवांची रीतसर तालीमही घेतली.

मग मामा वरेरकर. चिपळूणचे, पोस्टात नोकरी केलेले भार्गवराम विठ्ठल. हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' ललितकलादर्शनं १९१६ च्या सुमारास केलं, १९१९ साली 'संन्याशाचा संसार'. राजे-राण्या, देव-दानव यांच्या गर्दीत कोट-टोपीतला बाप आणि चालू काळाचा प्रश्न संगीत नाटकात आणायचा, तोही पदांसकट, ही मालकाची हिंमतच म्हटली पाहिजे. पौराणिक नाटकाचा पोशाख भाड्यानं कुठेही जुळवता येतो. समकालीन नाटकात प्रेक्षकाला खुर्ची खोटी दिसली तर नाटकच खोटं पडतं. म्हणून केशवरावांनी नेपथ्यावर पैसा लावला. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, पुढचे पेंटर बंधू, ज्यांतल्या बाबूरावांनी नंतर कोल्हापुरात सिनेमा उभा केला, त्यांनी या मंडळीसाठी पडदे रंगवले. पुढे पु. श्री. काळे यांच्यासारखा चित्रकार नेपथ्याला लाभला. दर्शनी मखमली पडदा मराठी रंगभूमीवर आणण्याचं श्रेयही केशवरावांनाच दिलं जातं. हे खर्च वेडेपणाचे होते असं म्हणणारे तेव्हाही होते. पण हा खर्च नटाच्या गळ्यावर नाही, मंडळीच्या गाठोड्यात पडत होता, आणि गाठोडं मालकाच्या मागे राहतं.

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला बसून हे लिहिताना माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माणूस कोल्हापूरचा, मंडळी हुबळीत काढलेली, पण लेखणी आणि चाली कोकणानं पुरवल्या. वरेरकर चिपळूणचे, वझेबुवा सावंतवाडीकडचे आणि केशवरावांच्या अखेरच्या वर्षातलं 'शहाशिवाजी' लिहिणारे यशवंत नारायण टिपणीस आमच्या महाडचे. टिपणीस तर महाराष्ट्र नाटक मंडळीतले, नाटककार खाडिलकरांच्या 'कीचकवधा'सारखी गद्य नाटकं उभी करणाऱ्या गोटातले. त्या गोटाच्या माणसाकडून संगीत मंडळीसाठी नाटक घेणं म्हणजे केशवराव कोणाकडूनही शिकायला तयार होते. रोह्या-कोलाडकडच्या गावांत अजून होळीला नाहीतर हनुमान जयंतीला हौशी मंडळींची नाटकं होतात, चाकरमानी रजा काढून तालमीला येतात. कधीकाळी घरचाच एखादा पोरगा लुगडं नेसायचा, आता 'अभिनेत्री' मुंबईहून येते आणि तिचा खर्च वर्गणीत सगळ्यात मोठा असतो. जुन्या स्त्रीपार्टीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं त्याविषयी चेष्टेनं बोलत नाहीत, अमक्याचा पदर कसा सरळ असायचा हे आदरानंच सांगतात. बालगंधर्व-केशवराव समजून घ्यायला ही साक्ष मला पुस्तकांइतकीच उपयोगी पडली.

कोल्हापूरकडून आधार होता तो शाहू महाराजांचा. महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं. एका बाजूला पैलवान, एका बाजूला नट. खासबागेच्या मोकळ्या मैदानात महाराजांनी केशवरावांच्या मंडळीला 'मृच्छकटिक' करायला लावलं आणि लाऊडस्पीकरशिवाय त्यांचा आवाज मैदानभर ऐकू आला, ही कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत. सांगताना गर्दीचा आकडा दर वेळी वाढतो, तो सोडून देऊ. मैदानाची गोलाई आणि उतार पाहिला तर आवाज पोचणं अशक्य वाटत नाही.

आता १९२१. हे साल आम्हा कुंडलिका नदीकाठच्या लोकांनाही वेगळ्या कारणानं जवळचं आहे. त्या वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. धरण झालंच. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत सुटतं. त्याच पाण्यावर आज कोलाडला रबरी होड्यांचा धंदा चालतो. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला शेतकरी जमिनीसाठी आडवे पडत होते तेव्हा खाली मुंबईत टिळक स्वराज्य फंड जमत होता. टिळक आदल्या वर्षी १ ऑगस्टला गेले होते. बेझवाड्याला काँग्रेसनं ठरवलं होतं की ३० जूनपर्यंत एक कोट रुपये, एक कोट सभासद आणि वीस लाख चरखे. नाटकवाल्यांनीही या फंडात काही घालावं असं निघालं आणि त्यातून दोन सगळ्यात मोठ्या मंडळ्यांनी एकत्र प्रयोग करावा अशी कल्पना आली. बालगंधर्व आणि केशवराव. वयात दोन वर्षांचं अंतर. दोघांचे चाहते एकमेकांच्या उरावर बसायला तयार. ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. म्हणजे फंडाची मुदत उलटून आठवडा झाला होता, पण तेवढं कोण पाहतो. सगळ्यात वरचं तिकीट शंभर रुपये, आणि सगळी तिकिटं हां हां म्हणता खपली.

नाटकाची निवड हुशारीची होती. खाडिलकरांच्या 'मानापमाना'त श्रीमंताची मुलगी भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, त्याचा अपमान होतो. मग तीच वनमालेच्या वेशात त्याच्या जवळ येते आणि त्याच्या गुणांवर भाळते. दोघांना तोलामोलाची पदं. भामिनी ही बालगंधर्वांची १९११ पासूनची भूमिका, तिच्या सगळ्या हरकती प्रेक्षकांना पाठ. धैर्यधर केशवरावांना त्या मानानं परका. म्हणजे सामना बालगंधर्वांच्या घरच्या मैदानावर होता. शिवाय चाली टेंब्यांच्या, त्या मुलायम बाजाच्या. वझेबुवांच्या तालमीत तयार झालेल्या गळ्याला इथे स्वतःची चाल मोडून यायचं होतं. केशवराव आले, आणि पहिल्याच प्रवेशापासून त्यांनी थिएटर ताब्यात घेतलं असं त्या रात्रीची वर्णनं सांगतात. दोघंही एकमेकांना वाव देत गायले, कुरघोडी झाली ती फक्त सुरांची, असंही सांगतात. कोण जिंकलं याचा हिशेब शंभर वर्षं चालू आहे. माझं मत विचाराल तर हा हिशेब नाटकाचं नुकसान करतो. नाटकात भामिनी हरते म्हणून नाटक सुखान्त होतं. त्या रात्री दोघांपैकी एकानं दुसऱ्याला खरंच हरवलं असतं तर प्रयोग पडला असता. लोक कुस्ती पाहायला आले आणि त्यांना नाटक पाहायला मिळालं, यातच दोघांचं कसब आलं.

या प्रयोगाचा गाजावाजा इतका झाला की दोन्ही मंडळ्यांनी मिळून 'सौभद्र'ही केलं. मंडळ्या मात्र एक झाल्या नाहीत, होणारही नव्हत्या. केशवराव पुण्याला आले. 'शहाशिवाजी' चालू होतं. विषमज्वर झाला. त्यावर औषध म्हणावं असं काही तेव्हा नव्हतं; क्लोरोमायसेटिन यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. पथ्य, लंघन, ओल्या पट्ट्या आणि एकविसाव्या दिवसाची वाट. ४ ऑक्टोबरला ते गेले. 'संयुक्त मानापमान' होऊन तीन महिनेही पुरे झाले नव्हते.

चरित्रं इथे थांबतात. मला वाटतं, केशवरावांची खरी परीक्षा इथून सुरू होते. मालक गेलेला, मुख्य नट गेलेला, मुख्य गायक गेलेला, आणि हे तिन्ही एकच. धंद्याच्या नियमानं ललितकलादर्शचे पडदे पुढच्या दिवाळीपर्यंत लिलावात जायला हवे होते. ते गेले नाहीत. मंडळीतलेच व्यंकटेश बळवंत पेंढारकर, बापूराव, यांनी धुरा उचलली आणि १९२२ साली वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणलं. गांधींच्या चळवळीचा वारा लागलेलं, खोलीच्या तीन भिंती खऱ्या वाटाव्यात अशा नेपथ्यातलं हे नाटक. म्हणजे केशवरावांनी जमवलेला नाटककार, त्यांनी लावलेली नेपथ्याची चटक, त्यांनी पचवलेला समकालीन विषय, हे सगळं केशवरावांशिवाय चालू राहिलं. १९२३ साली अस्पृश्यतेवरचं 'तुरुंगाच्या दारात', १९३२ साली गिरणी कामगारांवरचं 'सोन्याचा कळस'. दुसऱ्या बाजूला बालगंधर्वांची मंडळी पाहा. बालगंधर्व दीर्घायुषी, १९६७ पर्यंत होते. गंधर्व नाटक मंडळी मात्र कर्ज आणि सिनेमा यांच्या कात्रीत सापडून १९३० च्या दशकाच्या मध्यावरच मिटली. तिथे सगळं एका गळ्यावर आणि एका पदरावर तोललेलं होतं. तुलना करायचीच तर या दोन मंडळ्यांची करावी.

याचा अर्थ केशवरावांनी दूरदृष्टीनं वारस ठरवून ठेवला होता असं नाही. तिशीतला माणूस मरणाचा विचार करून पडदे शिवत नाही. ते धंदा वाढवत होते इतकंच. पण त्यांनी वाढवला तो स्वतःच्या बाहेर. आणि म्हणून मराठीत काबुकीसारखं नटाचं नाव पुढे गेलं नाही, तरी मंडळीचं नाव गेलं. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला १९५७ साली केशवरावांचं नाव दिलं गेलं. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळालं. आमच्या रायगडाला हा अनुभव दोन वर्षं आधी येऊन गेला होता. जून २०२२ मध्ये अलिबागचं पीएनपी नाट्यगृह असंच जळालं. जिल्ह्यात धड नाट्यगृहं किती हे बोटांवर मोजणाऱ्यांना त्या बातमीचं काय वाटलं असेल ते सांगायला नको. कोल्हापुरात पुनर्बांधणी हाती घेतली गेली. दगडविटा पुन्हा चढतात. मात्र नाट्यगृह बांधलं म्हणजे त्यात नाटक येतंच असं नाही, आणि तो भाग नाटकमंडळीनं करायचा असतो.

बापूराव १९३७ साली गेले आणि ललितकलादर्श काही वर्षं बंदच राहिली. ती पुन्हा उघडली १९४२ साली, त्यांच्या मुलानं. भालचंद्र पेंढारकर, नाट्यसृष्टीचे अण्णा, यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे केशवरावांच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांनी. सिनेमानं संगीत नाटकाचा गळा आवळला होता तेव्हा वीस-एकविसाव्या वर्षी त्यांनी हे ओझं घेतलं. बाळ कोल्हटकरांचं 'दुरितांचे तिमिर जावो' १९५७ साली केलं आणि ते घराघरांत गेलं. १९६० साली विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ'. नाटककार शोधायचा, त्याला राबवायचा, नेपथ्यात हात आखडायचा नाही, ही मंडळीची जुनी खोड अण्णांनीही जपली. शिवाय त्यांनी एक उद्योग केला जो केशवरावांच्या काळी शक्य नव्हता. मुंबईच्या साहित्य संघ मंदिरात होणाऱ्या प्रयोगांचं, आपल्या आणि परक्या मंडळ्यांच्याही, ते ध्वनिमुद्रण करून ठेवत. वर्षानुवर्षं, शेकडो नाटकं. २००८ साली ललितकलादर्शला शंभर वर्षं झाली तेव्हा अण्णा हयात होते. ते गेले ११ ऑगस्ट २०१५ रोजी, वय त्र्याण्णव. मराठी रंगभूमीवर काम करायला आलेल्या कुणाला जुना प्रयोग कसा वाजायचा हे ऐकायचं असेल तर त्याला अण्णांनी जमवलेल्या त्या फितींकडे जावं लागतं.